पाय न हलवता

तुम्हाला नीट दिसत नाही, असं लोकांच्या तोंडावर सांगायचं आणि वर त्यांनीच आभार मानायचे, असा कानसेनांचा धंदा होता. चष्म्याचं दुकान. खोली लांबीला कमी पडे म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागे टांगलेला आणि समोर आरसा. त्या आरशात बघून तक्ता वाचायचा. कोणी खालच्या ओळीला अडखळलं की कानसेन काच बदलत आणि आपलं ठरलेलं भाषण सुरू करत. "नवा नंबर लागला की आठ दिवस त्रास होईल. जमीन वर आल्यासारखी वाटेल, डोकं धरेल. पण चष्मा काढायचा नाही हं! जुन्या नंबरची सवय झालीय तुम्हाला, त्यात नव्याचा काय दोष?" हे भाषण त्यांच्या बायकोला इतकं पाठ होतं की ती कणीक मळता मळता ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची, शेवटच्या त्या बोट हलवण्यासकट.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते शनिवारच्या बैठकीने दिलं होतं. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून कानसेन घरी येत, आणि पुढच्या खोलीत सातआठ मंडळी जॅझच्या रेकॉर्डी ऐकायला जमत. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त मास्तरीणबाई, बाकी कोणी ना कोणी. गावात जॅझ म्हणजे काय ते कळणारा माणूस एकच, असं या मंडळींचं ठाम मत होतं, आणि त्या एकाचीही त्याला काही हरकत नव्हती.

बैठकीचे नियम कडक होते. बोलायचं नाही. चहा रेकॉर्डची एक बाजू संपल्यावर. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पाय हलवायचा नाही. दातांच्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या काळात एकदा ढोलाच्या ठोक्यावर बुटाचं टोक आपटलं होतं. कानसेनांनी तिथल्या तिथे सुई उचलली आणि डॉक्टरांच्या बुटाकडे असं बघितलं की डॉक्टर पुढे कायमचे मांडी घालून बसू लागले. "पाय हलवायची गाणी वेगळी," कानसेन म्हणाले, "हे आतल्या आत उतरवायचं असतं."

आणि खरं सांगायचं तर त्या रेकॉर्डींवर पाय हलवायची कोणाची छाती होती? ट्रम्पेट असा वाजे की जणू वाजवणाऱ्याच्या घरात नुकतंच काहीतरी वाईट झालंय. डबल बास जमिनीखालून निघे. एका कव्हरवर सिगारेटच्या धुरात बसलेल्या बाईचा फोटो होता. ती बाई गायला लागली की आवाज सर्दी झालेल्या मामांसारखा येई. कानसेनांची मुलगी लहान असताना म्हणाली होती, "बाबा, या बाईच्या आत कोण बसलंय?" त्यावर तिला खर्ज म्हणजे काय, दुःख म्हणजे काय, आणि मोठ्यांच्या बैठकीत मुलांनी का बसू नये, असं सगळं एका दमात समजावण्यात आलं.

रेकॉर्डी वाजवायचं हे मशीन कानसेनांच्या घरी आलं ते लग्नाच्या वर्षी. एक परदेशी इंजिनिअर काम संपवून मायदेशी निघाला होता. त्याचा चष्मा पोचवायला कानसेन गेले ते एका जड रेकॉर्ड प्लेयरसह आणि पेटीभर रेकॉर्डींसह परत आले. निघताना इंजिनिअर म्हणाला होता, "आमच्याकडची वीज वेगळी आहे. इथे चालवायचं तर जरा बघून घ्या." कानसेनांनी बघून घेतलं. विजेच्या दुकानातून एक ट्रान्सफॉर्मर आणून जोडला, दिवा लागला, तबकडी फिरली, झालं. आता यापलीकडे आणखी काय बघायचं असतं, तुम्हीच सांगा!

बायको तेव्हा नवी होती. शाळेत कवायत शिकवायची, गळ्यात शिट्टी, म्हणून शाळेत तिला शिट्टीबाई म्हणत, आणि ते नाव तिच्यामागोमाग सासरी आलं. नाचायची तिला भारी हौस. कॉलेजात तिने कपबिप मिळवले होते. परदेशी बाजा घरात आला म्हटल्यावर ती पदर खोचून खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात पुढे केला आणि म्हणाली, "चला, उठा. मी शिकवते." कानसेनांनी लाल कव्हरची रेकॉर्ड लावली. तिने पाय उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. ती थोडा वेळ कान देऊन उभी होती. मग म्हणाली, "अहो, हे जरा रडतखडत वाजतंय का? काहीतरी अडलंय यात."

"अगं, जॅझ आहे हे. तुला नाही कळायचं," नवरा म्हणाला. "बस अशी. हे ऐकायचं असतं."

ती बसली. पुढे पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. शनिवारी चहा टाकायची, बाजू संपली की ट्रे घेऊन यायची, कप गोळा करून आत जायची. नाच तिने शाळेतल्या पोरांबरोबर केला, दर वर्षी स्नेहसंमेलनात, गुडघे साथ देत होते तोवर.

इकडे कानसेन मोठे होत गेले. त्यांनी एक सिद्धान्तच काढला. जॅझचा आत्मा म्हणजे थांबणं, असं ते म्हणत. मधे कधी हॉटेलात किंवा कोणाच्या गाडीत त्यातलंच एखादं गाणं कानावर पडलं आणि ते टुणटुण पळताना दिसलं, की कानसेन नाक मुरडत. "हे बाजारू लोक. गिऱ्हाइकाने पटकन खाऊन उठावं म्हणून घाईत वाजवतात." कोणी कॅसेट आणून दिली तर ऐकायच्या आधीच परत. रेकॉर्डच्या कव्हरवर प्रत्येक गाण्याची वेळ छापलेली असे आणि कानसेनांच्या घरी ते गाणं तेवढ्यात कधीच संपत नसे. मास्तरीणबाईंनी एकदा भीत भीत विचारलंही होतं. कानसेन हसले. "ती वेळ कोण लिहितो? कंपनीतला कारकून. त्याला काय संगीत कळतंय?" मास्तरीणबाईंनी हे वहीत टिपून घेतलं. त्या सगळंच टिपून घेत.

आणि त्या टिपणांमधूनच यंदा एक पुस्तिका निघणार होती. 'थांबण्याची कला'. डॉक्टरांनी छपाई अंगावर घेतली होती, मास्तरीणबाईंनी प्रस्तावना लिहिली होती, येत्या शनिवारी बैठकीतच प्रकाशन. नेमका त्याच सुमारास मशीनच्या पोटातल्या रबरी चाकाचा तुकडा पडला आणि तबकडी फिरायची बंद झाली.

कानसेनांच्या पाचावर धारण बसली. प्रकाशन, आणि मशीन मुकं! लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या मुलीला फोन केला. तिने इंटरनेटवर शोधून सुट्ट्या भागांचा एक संच मागवून दिला. गुरुवारी पुडकं आलं. त्यात रबरी चाक तर होतंच, शिवाय मोटरच्या दांड्यावर बसवायची पितळेची एक बोटभर पुली होती आणि सोबत छापील कागद. तुमच्याकडे अमुक प्रकारची वीज असेल तर जुनी पुली काढून ही बसवा, असं त्यावर लिहिलं होतं.

कानसेन म्हणजे छापील कागद पाळणारा माणूस. त्यांनी दुकानातले बारीक स्क्रू ड्रायव्हर आणले, तबकडी उचलून ठेवली, जुनी पुली सोडवली, नवी बसवली, रबरी चाक चढवलं, एक थेंब तेल दिलं. शिट्टीबाई पलीकडे खुर्चीत बसून गुडघ्याला मलम चोळत होती. कानसेनांनी लाल कव्हरची रेकॉर्ड ठेवली आणि सुई सोडली.

अरे बाप रे! खोलीत एकदम बाजार भरला. ट्रम्पेट हसत होता, चक्क हसत होता. बास उड्या मारत होता. मागे कोणीतरी टाळ्या वाजवत होतं, त्या टाळ्या इतकी वर्षं कानसेनांना पडद्याआड कोणी लाकूड फोडतंय अशा वाटत आल्या होत्या.

"बिघडलं!" कानसेन ओरडले आणि सुई उचलली. "पळतंय हे! खोटा माल पाठवलाय."

त्यांनी धुरातल्या बाईची रेकॉर्ड लावली. धुरातल्या बाईच्या आतले मामा निघून गेले होते. एक तरुण पोरगी गात होती, लाडिक, थोडी आगाऊ, ओळ संपवताना खुदकन हसणारी. कानसेन उभ्याउभ्याच ऐकत राहिले. गाणं संपलं तेव्हा त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर गेली, घड्याळावरून कव्हरवर, आणि तिथून परत घड्याळावर. कारकुनाने लिहिलेली वेळ बरोबर होती. त्यांनी दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. प्रत्येक वेळी कारकून बरोबर निघाला.

मग त्यांना इंजिनिअर आठवला. जरा बघून घ्या, म्हणाला होता तो. ट्रान्सफॉर्मरने मशीन चालू झालं होतं, पण इथल्या विजेवर त्याचा वेग जुळायला ही पुली लागत होती.

ते मटकन खाली बसले. लाल कव्हरची रेकॉर्ड पुन्हा लावली ती त्यांनी नाही, बायकोने. ती गुडघा धरत उठली, सुई ठेवली आणि परत येऊन बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचा कानसेनांना धीर होईना म्हणून ते खाली बघत होते, आणि खाली तिचा पाय हलत होता. टाच टेकलेली, चवडा वरखाली, ठोक्याला ठोका.

"अहो," ती म्हणाली, "हे नाचायचंच होतं हो."

कानसेन म्हणाले, "माझं डोकं दुखतंय."

"दुखणारच. आठ दिवस त्रास होईल. जमीन वर आल्यासारखी वाटेल. पण काढायचा नाही हं!" ती बोट हलवून म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं. तिचं जास्त वेळ टिकलं.

शुक्रवारी दुकानात त्यांनी एका आजींना चुकीच्या डोळ्याची काच दाखवली. मनात सारखं तेच: शनिवारी काय करायचं? जुनी पुली चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत ठेवली होती. पाच मिनिटांचं काम. कोणाला कळणार नव्हतं. रात्री जेवताना ते हळूच म्हणाले, "मी काय म्हणतो, उद्याच्या दिवस जुनीच..."

शिट्टीबाईने पानातून मान वर केली. "तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "पण एकदा तरी माझ्या बाजूने सांगा लोकांना. इतकी वर्षं मला जॅझ कळत नाही म्हणून मी चहा करतेय."

हे लागलं. कानसेनांनी ठरवलं, सांगायचं. होऊ दे काय व्हायचं ते.

शनिवारी मंडळी नटूनथटून आली. पुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर, वर रिबीन. कानसेन उभे राहिले, घसा खाकरला आणि एक अक्षर न बोलता लाल कव्हरची रेकॉर्ड लावली, नव्या पुलीवर. बोलण्याआधी ऐकवावं, असा त्यांचा विचार. मंडळींनी सवयीप्रमाणे डोळे मिटले. मिटलेले डोळे एकेक करून उघडले. डॉक्टरांनी मास्तरीणबाईंकडे बघितलं, मास्तरीणबाईंनी छताकडे. बाजू संपली.

"तर मंडळी," कानसेन म्हणाले, "हे असं आहे. हे असंच होतं. आपलं मशीन पहिल्या दिवसापासून हळू फिरत होतं. मी तुम्हाला चुकीचं ऐकवलं. ही माझी बायको, हिने पहिल्या दिवशी ओळखलं होतं, आणि मी हिला गप्प बसवलं."

शिट्टीबाई दारात ट्रे घेऊन उभी होती. मग डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली.

"वा! वा कानसेन! परीक्षा घेताय आमची!"

"परीक्षा नाही हो..."

"अहो, आम्ही इतके का कच्चे आहोत? पहिल्या ठोक्याला ओळखलं मी. नक्कल आहे. बाजारू."

मास्तरीणबाईंनी रिबीन सोडून पुस्तिका उघडलीसुद्धा. "पान बारा. 'जिथे घाई दिसली तिथे समजावं की दुःख सोसवत नाही म्हणून माणूस पळतोय.' किती सुंदर म्हटलंय तुम्ही! आणि आता स्वतःच उलटं बोलून आम्हाला फसवताय होय?"

"अहो, पण कव्हरवरची वेळ..."

"कारकून!" सगळे एका सुरात ओरडले आणि खो खो हसले.

कानसेनांनी पुन्हा सांगून बघितलं. विजेचं सांगितलं, पुलीचं सांगितलं, छापील कागद दाखवला. जितकं जास्त सांगावं तितकी मंडळी जास्त खूश. केवढा नम्रपणा, असं कोणीतरी म्हणालं. "पुरे झाली गंमत," डॉक्टर म्हणाले, "आता आमचं खरं जॅझ लावा." सातआठ जोडी डोळे त्यांच्याकडे लागले होते, त्यातल्या बहुतेकांवर त्यांनीच दिलेले चष्मे होते. त्या सगळ्या चष्म्यांमधून ते फार मोठे दिसत होते.

आणि कानसेनांनी कच खाल्ली. दुसरा शब्द नाही त्याला. त्यांनी डबी उघडली, स्क्रू ड्रायव्हर घेतला, तबकडी उचलली. जुनी पुली बसली. ट्रम्पेटच्या घरात पुन्हा वाईट झालं. मंडळींनी सुस्कारा सोडला, डोळे मिटले, पाय आवरून घेतले. "हं! आता कसं!" डॉक्टर पुटपुटले, नियम मोडून. कानसेनांनी दाराकडे बघितलं. ट्रे स्टुलावर ठेवलेला होता आणि दारात कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी शिट्टीबाई नेहमीसारखी वागली. हेच वाईट. चिडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा पुढच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. मधली जागा मोकळी. मशीनवर नवी पुली होती, लाल कव्हरची रेकॉर्ड होती आणि कानसेन मधोमध हात पुढे करून उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, घाबरलेले.

"चल, ऊठ," ते म्हणाले. ती उभीच होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तिने केस पुसायचा पंचा खुर्चीवर टाकला आणि त्यांचा हात धरला. सुई पडली, ढोल सुटले. तिने डावा पाय टाकला, उजवा टाकला, एक गिरकी घ्यायला गेली, आणि "आई गं!" म्हणून तिथेच वाकली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा सुरुवात केली. चार ठोके साधले, पाचव्याला ढोल पुढे निघून गेले. तिचं मन त्यांच्याबरोबर गेलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं, पण गुडघे मागे राहिले. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून रेकॉर्डकडे बघत राहिली. ट्रम्पेट आपला हसतोय.

कानसेन तिच्यासमोर जमिनीवर बसले. "माझं चुकलं गं," ते म्हणाले. "कालचंही, आणि तेव्हाचंही." आणि ते चष्मा काढून पुसायला लागले, कारण धंदेवाईक माणूस, रडताना आधी काच आठवते.

बाजू संपली. सुई घासत राहिली, ती उचलायचं कोणाला सुचलं नाही. शिट्टीबाईने पदराने त्यांचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

"ती डबी कुठंय?" तिने विचारलं.

"कसली?"

"जुन्या पुलीची. लावा ती."

"अगं, पण ती चुकीची आहे."

"माहितीय मला. तुमच्या आधीपासून माहितीय," ती म्हणाली. "पण आता माझे गुडघेही त्याच चालीचे झालेत. लावा म्हणते ना!"

कानसेनांच्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. शेवटी बसला. लाल रेकॉर्ड पुन्हा फिरू लागली, रडतखडत, अडत, तीच ती. शिट्टीबाई उठली. एक हात त्यांच्या खांद्यावर, एक हातात. ढोलाचा ठोका सावकाश यायचा, वाट बघायचा, आणि तिचा पाय बरोबर त्याच्यावर पडायचा. "एक... दोन... एक... दोन," ती कवायतीच्या आवाजात मोजत होती. गिरकीसुद्धा घेतली तिने, लहानशी.

कानसेन मात्र खांबासारखे ताठ उभे होते. इतक्या वर्षांची सवय.

"अहो," शिट्टीबाई म्हणाली, "पाय हलवा की."